गॅसचं घर म्हणून घेतलं, अंगणात तेलाची टाकी निघाली

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो, गेल्या ऑक्टोबरात पहिलं घर घेतलं. १९५३ चं केप कॉड पद्धतीचं घर आहे, एका एलएलसीने (म्हणजे छोट्या खाजगी कंपनीने) आधीच्या मालकाकडून घेऊन नवीन किचन, नवीन बाथरूम, नवीन सायडिंग करून विकायला काढलेलं. लिस्टिंगमध्ये गॅस हीट लिहिलेलं. इन्स्पेक्शन केलं पण टँक स्वीप (जमिनीत पुरलेली टाकी आहे का ते यंत्राने शोधणं) केला नाही, कारण आमचा रिअल्टर (आमच्याच ढोल पथकातला आहे) म्हणाला गॅस आहे तर उगाच चारशे डॉलर कशाला घालवता. डिस्क्लोजर फॉर्मवर अंडरग्राउंड टाकीच्या प्रश्नापुढे 'अननोन' टिक केलंय. आता डेक करायला घेतला, कॉन्ट्रॅक्टरने खांबांच्या फुटिंगसाठी ऑगर (खड्डा पाडायचं गिरमिट) लावला तर अडीच फुटांवर ठण्णकन लोखंड लागलं आणि खड्ड्यातून तेलाचा वास यायला लागला. त्याने जरा उकरून बघितलं, म्हणतो ५५० गॅलनची जुनी हीटिंग ऑइलची टाकी आहे, दोन हजार कॅश द्या, शनिवारी कापून घेऊन जातो, परमिट काढलंत तर डीईपी (राज्याचं पर्यावरण खातं) मागे लागेल. रिअल्टर पण म्हणतो गप्प बसा. बाबा नाशिकहून सांगतायत विहीर बुजवतात तशी माती लोटून बुजवून टाक. बायको म्हणते एलएलसीवर केस ठोकू. त्या जागेपासून दहा फुटांवर आईने मेथी लावलीय आणि तीन वर्षांची मुलगी तिथेच खेळते. झोप उडालीय. आधी काय करू?
– डेकवाला

उत्तर:

डेकवाले, शनिवारचं कॅन्सल करा. पत्र वाचून झाल्यावर नाही, आत्ताच मेसेज टाका की काम थांबवा, कशाला हात लावू नका, आणि तो मेसेज डिलीट करू नका.

मग मोबाइल घेऊन अंगणात जा आणि त्या खड्ड्याचे फोटो काढा, लांबून, जवळून, शेजारी मेजरिंग टेप धरून. आणि ऑगर जिथे लागला ती जागा नीट बघा. गंजून पडलेलं भोक काळपट असतं, कडा पापुद्र्यासारख्या पातळ झालेल्या असतात, आणि ऑगरच्या पात्याने पाडलेलं भोक किंवा ओरखडा ताजा असतो, लोखंड आतून चकाकतं. हे मी आधी का सांगतेय तर तुमचा कॉन्ट्रॅक्टर जो एवढ्या तत्परतेने शनिवारी टाकी गायब करायला निघालाय ना, टाकीला भोक त्यानेच पाडलं असेल तर ती गायब होण्यात त्याचाही फायदा आहे. पाडलंच असेल असं मी म्हणत नाहीये. पण आत अजून तेल असेल आणि ते आत्ता गळायला लागलं असेल तर त्याच्या लायबिलिटी इन्शुरन्सचा प्रश्न येतो, आणि तो सोडवायला फोटोच लागतात. त्याच्या इन्शुरन्सच्या सर्टिफिकेटची कॉपी मागून ठेवा, गोड बोलून. आणि खोदण्याआधी त्याने ८११ ला फोन केला होता का तेही विचारा. ८११ वाले गॅस, वीज, पाणी अशा कंपन्यांच्या लाइनी खुणा करून देतात, तुमच्या अंगणातली खाजगी टाकी ते शोधून देत नाहीत, त्यामुळे टाकी लागली यात त्याची चूक नसेलही, पण फोनच केला नसेल तर माणूस कसा काम करतो ते कळतं.

आता बेसमेंट. टॉर्च घेऊन खाली जा. सम्प पंपाचा खड्डा असेल तर त्यातल्या पाण्यावर उजेड मारा, इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो का बघा. भिंतीजवळ, विशेषतः टाकीच्या बाजूच्या, रॉकेलसारखा वास येतोय का बघा. तवंग किंवा वास यातलं काहीही असेल, किंवा खड्ड्यातल्या मातीतून तेल पाझरताना दिसत असेल, तर थांबायचं नाही, डीईपीची २४ तास चालणारी हॉटलाइन आहे, १-८७७-९२७-६३३७, तिथे कळवायचं. लोक या फोनला इतके का घाबरतात मला कळत नाही. तिथे फोन घेणारा माणूस तुमचा पत्ता लिहून घेतो आणि केस नंबर देतो. तो केस नंबर म्हणजे पुढे तुमच्या बाजूने उभा राहणारा पहिला कागद आहे.

तेवढंच बेसमेंटमध्ये असताना आणखी एक शोधा. जुन्या बॉयलरच्या जागेजवळ भिंतीतून किंवा जमिनीतून बाहेर आलेल्या, करंगळीपेक्षा बारीक अशा दोन तांब्याच्या नळ्या, टोक चेपून किंवा कापून बंद केलेल्या. एक तेल यायची, एक परत जायची. त्या दिसल्या तर फोटो काढा. त्या नळ्या कापून वरून ताजा रंग मारलाय असं दिसलं तर आणखी दोन फोटो काढा, कारण मग प्रश्न पडतो की ऑक्टोबरआधी तो रंग ज्याने मारला त्याला या नळ्या कसल्या ते कळलं नाही का. बाहेरच्या बाजूलाही बघा. भिंतीलगत एक बारीक व्हेंट पाइप असायला हवा होता, आणि तेल भरायच्या पाइपचं झाकण. नवीन सायडिंग लावताना व्हेंट जमिनीलगत कापून टाकून वर मल्च आणि झुडूप लावलेलं असणं ही फ्लिपवाल्यांची, म्हणजे जुनं घर घेऊन नवं करून विकणाऱ्यांची, जुनीच युक्ती आहे.

मेथीचं: रिपोर्ट येईपर्यंत त्या वाफ्यातलं काही खाऊ नका, आणि आईंना सांगताना त्यांचीच काही चूक झाल्यासारखं सांगू नका. मुलीला घराच्या दुसऱ्या बाजूला खेळू द्या, खड्ड्यावर प्लायवूड टाकून भोवती जाळी लावा. हीटिंग ऑइल अडीच-तीन फूट खाली मातीत आहे म्हणून अंगणात खेळणाऱ्या पोराला लगेच काही होतं असं नाही, खरी काळजी वासाची असते, म्हणजे वाफ बेसमेंटमधून घरात येतेय का, आणि पाणी विहिरीचं आहे का. तुमच्याकडे टाउनचं पाणी असणार, वॉटर बिल येतं का बघा. स्वतःची विहीर असेल तर मात्र पाण्याची टेस्ट सगळ्यात आधी.

आता कॅशचं. तुम्हाला वाटतंय की प्रश्न टाकीचा आहे. लोखंडाचा डबा आहे तो, एक एक्स्कॅव्हेटर आणि चार माणसं एका दिवसात बाहेर काढतात. तुम्हाला खरं काय हवंय तर ती टाकी रीतसर निघाली आणि खालची माती बघितली गेली याचे कागद. कॅशवाला टाकी नेईल आणि कागद शून्य देईल. मग सात-आठ वर्षांनी तुम्ही घर विकायला काढाल, घेणारा स्वीप करेल, मॅग्नेटोमीटर किंवा जीपीआर (जमिनीखालचं दाखवणारं रडार) फिरवणाऱ्याला तिथे टाकी नाही पण मोठा उकरलेला खड्डा दिसेल, तो विचारेल इथे काय होतं? आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. शिवाय आणखी एक गोष्ट झालीय जी तुमच्या रिअल्टरच्या लक्षात आलेली दिसत नाही. ऑगर लागेपर्यंत तुम्हाला काही माहीत नव्हतं. आता माहीत आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला प्रॉपर्टी कंडिशन डिस्क्लोजर फॉर्म भरून द्यावाच लागतो, त्यात टाकीचा प्रश्न आहेच, आणि तिथे तुम्ही 'अननोन' टिक केलंत तर आज ज्या एलएलसीला तुमची बायको शिव्या घालतेय ना, तिच्या जागी तुम्ही बसाल, आणि तुमच्याविरुद्ध साक्षीला डेक करणारा कॉन्ट्रॅक्टर, रिअल्टर आणि फॅमिली ग्रुपवरचे बाबांचे मेसेज.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाहीये बरं का. टाकी जागेवरच साफ करून वाळू किंवा फोम भरून बंद करणं हा प्रकार इथेही आहे, टाकी काढताना घराच्या पायाला धोका असेल वगैरे तेव्हा टाउनशिप परवानगी देते. पण त्यालाही परमिट लागतं, आतलं तेल-गाळ काढून साफ करावी लागते, आणि पुढच्या घेणाऱ्याचा वकील आणि बँक दोघंही अशा टाकीकडे नाक मुरडतात. तुमची टाकी डेकच्या जागेत आहे, म्हणजे मोकळ्या अंगणात. काढाच.

रीतसर काढतात म्हणजे काय होतं तेही सांगते, म्हणजे भीती कमी होईल. टाउनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसचं परमिट निघतं. ठरलेल्या दिवशी वरची माती काढतात, टाकी वरून कापतात, उरलेलं तेल आणि तळाचा काळा चिकट गाळ व्हॅक्यूमने ओढून घेतात, मग आतून पुसून काढतात, आणि पट्ट्याला बांधून उचलून गवतावर ठेवतात. टाउनशिपचा इन्स्पेक्टर येतो, खड्डा बघतो, टाकी बघतो. गंजाचा थर खरवडला की भोकं दिसतात, काही वेळा पेन्सिलच्या टोकाएवढी, आणि बरेचदा तळाला, तेल भरायच्या पाइपच्या बरोबर खाली, कारण वर्षानुवर्षं तेल मोजायची काठी तिथेच आपटायची आणि आत साठलेलं पाणी पण तळालाच. त्या वेळी तुम्ही घरी असा, सुट्टी टाका. टाकीच्या सगळ्या बाजूंचे आणि खड्ड्याच्या तळाचे फोटो स्वतः काढा. भोकं नसतील, माती स्वच्छ असेल, तर मातीच्या सॅम्पलचा लॅब रिपोर्ट, तेल कुठे नेलं त्याचा मॅनिफेस्ट (नेल्याची नोंद), टाकी भंगारात गेल्याची पावती आणि क्लोज झालेलं परमिट, हे चार कागद एका फाइलमध्ये. दोनतीन हजार डॉलरच्या आसपास प्रकरण संपतं, म्हणजे तुमच्या कॅशवाल्यापेक्षा फार महाग नाही.

भोकं असतील आणि माती काळी, वास मारणारी निघाली तर मग डीईपीला कळवावंच लागतं, कॉन्ट्रॅक्टरही कळवतो. घरगुती हीटिंग ऑइलच्या टाक्या फेडरल यूएसटी नियमांतून वगळलेल्या आहेत, पेट्रोल पंपाच्या टाक्यांना जे सगळं लागू होतं ते तुम्हाला नाही, आणि राज्याचा यांच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे, अनरेग्युलेटेड हीटिंग ऑइल टँक, सगळे यूएचओटी म्हणतात. (नावात अनरेग्युलेटेड आहे म्हणून नियम नाहीत असं समजू नका, आमच्या ओळखीतल्या एकाने समजलं होतं.) यात डीईपीने सर्टिफाय केलेला सबसरफेस इव्हॅल्युएटर लागतो, तो खराब माती काढून घेतो, कडेच्या आणि तळाच्या मातीचे नमुने लॅबला जातात, गरज पडली तर भूजलासाठी मॉनिटरिंग वेल, आणि सगळं नीट झालं की राज्याचं 'नो फर्दर अॅक्शन' पत्र येतं. ते एनएफए पत्र हा सोन्याचा कागद. घर विकताना टाकी गळली होती पण एनएफए आहे असं म्हटलं की घेणारे शांत होतात. खर्च मातीवर आहे, दहा हजारातही होतो, पन्नास हजारावरही जातो, आणि भूजलात गेलं तर लाखाची भाषा सुरू होते. म्हणून इथे एक कडक सूचना: टाकी काढणारा आणि 'गळतीये, चाळीस टन माती काढावी लागेल' असं सांगणारा एकच माणूस नको. खड्डा उघडा, एक्स्कॅव्हेटर उभा, पोरगी खिडकीतून बघतेय, अशा वेळी पुढे केलेल्या कागदावर सही करू नका. नमुने तिसऱ्या माणसाकडून घ्या. करारात टनाचा दर लिहून घ्या, माती जिथे टाकली तिथल्या वजनकाट्याच्या पावत्या मिळाल्याशिवाय बिल देणार नाही असं लिहा, आणि अमुक टनांच्या वर जायचं तर आधी लेखी परवानगी घ्यायची असंही. यात फसलेले लोक टाकीने बुडाले नाहीत, टनांनी बुडाले.

आता वहिनींच्या केसकडे येते. राग रास्त आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. न्यू जर्सीचा स्पिल अॅक्ट १९७६ चा, तो असं म्हणतो की गळतीला 'कोणत्याही प्रकारे जबाबदार' असलेला माणूस साफसफाईला जबाबदार, चूक असो नसो. आणि १४ सप्टेंबर १९९३ नंतर घर घेतलेल्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटायचं असेल तर घ्यायच्या आधी रीतसर चौकशी केली होती हे दाखवावं लागतं, जी कायद्याला अपेक्षित आहे तशी चौकशी घर घेताना सहसा कोणी करत नाही. तेव्हा व्यवहारात असं होतं की आधी तुम्ही साफ करता, मग ज्याच्या काळात गळलं त्याच्याकडून वसूल करायला जाता. अन्याय वाटतो, आहेच थोडा. पण दुसरी बाजू बरी आहे: २०१५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मॉरिसटाउन असोसिएट्स विरुद्ध ग्रँट ऑइल या खटल्यात सांगितलं की स्पिल अॅक्टखाली अशी वसुली मागायला मुदतीचं बंधन नाही. तो खटला जमिनीतल्या हीटिंग ऑइलच्या टाकीच्या गळतीचाच होता. म्हणजे १९८० च्या दशकातला मालक सापडला, आणि टाकी त्याच्या काळात गळत होती हे दाखवता आलं, तर त्याच्यामागेही जाता येतं. दाखवता येणं हे अवघड, म्हणून टाकीचे फोटो आणि मातीचे रिपोर्ट एवढे जपायचे.

एलएलसीने लपवलं हा वेगळा मुद्दा. इथे १९७४ चा एक खटला आहे, वाइनट्रॉब विरुद्ध क्रोबॅच, घरात झुरळं भरलेली होती आणि विकणाऱ्याने सांगितलं नाही, घेणारं जोडपं संध्याकाळी दिवा लावतं तर सगळीकडे झुरळंच झुरळं. कोर्ट म्हणालं की नजरेला न दिसणारा मोठा दोष माहीत असून मुद्दाम लपवला तर विकणाऱ्याला 'मी काही बोललोच नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. मला हा खटला फार आवडतो. झुरळांनी घडवलेला कायदा. पण त्यातला 'माहीत असून' हा भाग तुम्हाला सिद्ध करायचाय, आणि 'अननोन' ही टिक त्यासाठीच असते. म्हणून टाउनशिपच्या क्लर्ककडे ओप्राचा अर्ज टाका, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अॅक्ट, आणि तुमच्या पत्त्यावरची सगळी कन्स्ट्रक्शन परमिटं मागा, जुन्यात जुनी. तेलावरून गॅसवर कधी गेलं ते त्यात सापडेल. १९८५ सालचं परमिट निघालं तर एलएलसीला खरंच माहीत नसण्याची शक्यता आहे. पण बॉयलर बदलायचं परमिट एलएलसीनेच काढलेलं निघालं, आणि त्यात जुना बॉयलर ऑइलचा असल्याचं दिसलं, तर मग ते 'अननोन' कुठे टिकतं? शेजारीपाजारीही विचारा. त्या वस्तीत ४० वर्षं राहिलेले एखादे आजोबा असतात, त्यांना तेलाचा ट्रक कुठल्या बाजूला पाइप लावायचा ते अजून आठवत असतं. आणि फ्लिप करणारी एलएलसी म्हणजे धंदा करणारा विक्रेता, तिला कन्झ्युमर फ्रॉड अॅक्ट लागू पडू शकतो, त्यात नुकसानीच्या तिप्पट आणि वकिलाची फी मिळायची सोय आहे. स्वतःचं राहतं घर विकणाऱ्या साध्या मालकाला तो कायदा लावत नाहीत. तुमच्या प्रकरणात हा फरक कामाचा आहे, वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. फ्रॉडच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत असते, तेव्हा आज रात्रीच एलएलसीवाल्याला फोन करून तोंडसुख घ्यायची काही घाई नाही. उलट घेऊच नका.

वकील मात्र टाकी निघायच्या आधी गाठा, घराचं क्लोजिंग (खरेदीचा शेवटचा व्यवहार) करून दिलेला नाही, पर्यावरणाच्या केसेस करणारा. त्याने सगळ्यात आधी एक पत्र पाठवायचं असतं, एलएलसीला, आधीच्या मालकाला, अशी अशी टाकी सापडली आहे, अमुक तारखेला काढणार आहोत, तुम्हाला बघायची असेल तर या. नाही पाठवलं तर उद्या कोर्टात ते म्हणतात आम्हाला बघायची संधीच दिली नाही, पुरावा भंगारात घातला. आता तेल सरळ गळत असेल तर पत्राची वाट बघत बसायचं नाही हे उघड आहे. आणि एलएलसी अजून जिवंत आहे का तेही राज्याच्या बिझनेस रेकॉर्डमध्ये बघून घ्या. एका घरासाठी उघडलेली, घर विकल्यावर बंद केलेली एलएलसी असेल तर कोर्टाचा निकाल फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाचा. वहिनींना हे सांगा, त्यांचा मुद्दा चूक नाहीये, पण केसवर तीस हजार घालवून तीन हजार हाती येणार असतील तर ते आधी कळायला हवं.

इन्शुरन्सबद्दल लोक ठोकळ मत देतात की पॉलिसीत पोल्यूशन वगळलेलं असतं, सोडा. तुमची पॉलिसी आणा आणि वाचा. स्वतःच्या जमिनीची साफसफाई बहुतेक पॉलिसी देत नाहीत हे खरं, पण तेल भूजलात किंवा शेजाऱ्याच्या जागेत गेलं तर तो लायबिलिटीचा भाग होतो, आणि तिथे गोष्ट बदलू शकते. आधीच्या मालकांच्या जुन्या पॉलिसी, विशेषतः १९८६ च्या आधीच्या, यांना आणखी किंमत आहे कारण पोल्यूशन पूर्णपणे वगळायची पद्धत त्या सुमारास आली. जुन्या मालकाच्या मुलाने माळ्यावरून पिवळा पडलेला कागद काढून दिला आणि त्यावर पैसे मिळाले असं होतं. म्हणून त्या कुटुंबाशी भांडू नका, वकिलामार्फत सभ्यपणे बोला. क्लोजिंगला घेतलेल्या टायटल इन्शुरन्सकडून मात्र काही अपेक्षा ठेवू नका, ते मालकीच्या कागदांसाठी असतं, जमिनीखाली काय आहे त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. राज्याचा गळक्या टाक्यांसाठी एक फंड आहे, डीईपी आणि ईडीए (राज्याची आर्थिक विकास संस्था) मिळून चालवतात, त्याची चौकशी जरूर करा, पण पैसे येतीलच असं धरून बजेट मांडू नका.

ढोल पथकातल्या मित्राचं काय करायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात त्याच्यावर कंस टाकलाय म्हणजे डोक्यात आहे. स्वीप करू नका हे त्याने तोंडी सांगितलं की टेक्स्टवर? टेक्स्ट असेल तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. रिअल्टरांचा एरर्स अँड ओमिशन्सचा इन्शुरन्स असतो, चुकीचा सल्ला दिला तर तो याचसाठी, त्यामुळे उद्या वकिलाने त्याचं नाव घेतलं तर तो त्याच्या इन्शुरन्सला कळवेल, त्याच्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढला असं होत नाही. तुम्ही त्याला एवढंच सांगा की वकिलाने या विषयावर बोलायला मना केलंय. गणपतीत ढोल वाजवा एकत्र. पण 'गप्प बसा' हा सल्ला देणाऱ्याचं गप्प बसण्यात स्वतःचं काय आहे हे बघायचं, कॉन्ट्रॅक्टर असो की दोस्त.

आत्ता पैशाचं टेन्शन घेऊन होम इक्विटी लोन वगैरे काढायला धावू नका. किती लागणार ते टाकी निघाल्याच्या दिवशी आणि लॅबचा रिपोर्ट आल्यावर कळतं, त्याच्या आधीचा प्रत्येक आकडा, माझे वरचे धरून, अंदाज आहे. या टाक्या काही तुमच्याच नशिबी आलेल्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथली उपनगरं उभी राहिली तेव्हा कोळसा सोडून लोक तेलावर आले, मग गॅसची लाइन आली, बॉयलर बदलला, टाकी आहे तिथेच राहिली कारण काढा म्हणून मागे लागणारं कोणी नव्हतं. तुमच्या गल्लीत आणखी निघतील. शेजाऱ्याची गळून तुमच्याकडे आली असंही होऊ शकतं, तेव्हा नमुने घेणाऱ्याला सांगा की कुंपणाच्या बाजूचं प्रदूषण टाकीजवळच्यापेक्षा जास्त दिसलं तर लगेच बोल.

आणि जे लोक आत्ता घर बघतायत, बिडिंगमध्ये हरून हरून काहीही सोडून द्यायला तयार झालेत, त्यांच्यासाठी: १९७०-८० च्या आधीचं घर असेल तर गॅस असो, इलेक्ट्रिक असो, स्वीप करायचाच. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये तो धरलेला नसतो, वेगळा सांगावा लागतो. रिअल्टरने तयार केलेल्या करारात वकिलाला तीन कामकाजाच्या दिवसांचा अॅटर्नी रिव्ह्यू मिळतो, त्यात हे घालून घ्या की टाकी सापडली तर विकणारा स्वखर्चाने परमिट काढून काढेल, आणि गळती निघाली तर एनएफए पत्र हातात आल्याशिवाय क्लोजिंग नाही. नाहीतर घेणाऱ्याला डिपॉझिट परत घेऊन बाहेर पडता येईल हे वाक्यही त्यातच टाका, वकील विसरतात.